नगरचे खापरी नळ

जुन्या नगरात पडका वाडा उतरवून पाया खणायला घेतला, की दोन-तीन हातांवर पहारीचा आवाज कधी कधी बदलतो. माती संपून चुन्याचा टणक पट्टा लागतो. तो फोडला की आत भाजल्या मातीची नळी दिसते. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळती. एकीचे निमुळते तोंड दुसरीच्या रुंद तोंडात बसवलेले, आणि सांधा चुन्याने असा भरलेला की खापर फुटते पण सांधा सुटत नाही. नगरकर याला खापरी नळ म्हणतात. जाणती माणसे ‘निजामशाहीतला’ असे म्हणून बाजूला होतात, आणि काम पुढे चालू होते.

हा विषय आज नव्याने काढण्याचे कारण थोडे दूरचे आहे. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये जुने घर घेणाऱ्या आपल्या मुलामुलींना तिथे एक गोष्ट हमखास तपासायला सांगतात: रस्त्यावरून घरात येणारा नळ शिशाचा तर नाही ना? अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात २०१४ साली पाण्याचा स्रोत बदलला, नव्या पाण्याने जुन्या नळांतले शिसे विरघळू लागले आणि मुलांच्या रक्तात ते सापडले. तेव्हापासून ही भीती घरोघर पोचली. मग तिथून इकडे विचारणा होते, की आपल्या गावच्या वाड्यातले नळ कसले आहेत? प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र नगरपुरते तरी पाचशे वर्षांचे होते.

सुरुवात शब्दापासून करू. नळ दुरुस्त करणाऱ्याला आपण आता सर्रास प्लंबर म्हणतो. हा शब्द लॅटिन ‘प्लंबम’वरून आला, आणि प्लंबम म्हणजे शिसे. रोमन कारागीर शिशाचा पत्रा गोल वळवून त्याची नळी करत, म्हणून नळाचे काम करणारा तो शिसेवाला. मराठीत या कामाला असा धातूचा शब्द नाही, कारण आपल्याकडे शहराला पाणी देणारी नळी कुंभाराच्या हातची होती. शिसे दख्खनला अनोळखी होते असे मुळीच नाही. सिंधुदुर्गाच्या पायात शिसे ओतल्याचे बखरी सांगतात, आणि सतराव्या शतकात इंग्रजांच्या वखारींतून मराठ्यांनी शिसे विकत घेतल्याचे व्यवहार प्रसिद्ध आहेत. पण ते महाग होते आणि त्याला पहिली मागणी होती बंदुकीच्या गोळ्यांची. कोसभर लांबीचा नळ शिशाचा करायचा म्हणजे एका स्वारीचा दारूगोळा जमिनीत पुरण्यासारखे झाले असते. आपल्या पूर्वजांना शिशाचे विष कळले होते म्हणून त्यांनी खापर निवडले, अशी स्तुती अलीकडे ऐकू येते. तिला मला तरी आधार दिसत नाही. माती, लाकूडफाटा, चुना आणि कुंभार हाताशी होते. कारण एवढेच असावे.

गंमत अशी, की विष कळलेला माणूस रोममध्येच होता. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला स्थापत्यविशारद व्हिट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथाच्या आठव्या भागात शिशाच्या नळापेक्षा खापराचा नळ बरा असे स्वच्छ लिहून ठेवले आहे. त्याने दिलेली कारणे आजही पटावीत. एक, खापरी नळ बिघडला तर कोणीही दुरुस्त करू शकतो. दोन, त्यातले पाणी अधिक आरोग्यदायी. शिशाचे काम करणाऱ्यांचे चेहरे कसे पांढुरके पडतात ते पाहा, असे तो सांगतो. घरात चांदीची भांडी असली तरी पाण्याची चव राखायला लोक मातीचेच भांडे वापरतात, हेही तो नोंदवतो. उन्हाळ्यात फ्रिज असूनही माठ भरणाऱ्या घरात हे वेगळे समजावून द्यायला नको. नळीची एक बाजू निमुळती करावी, ती पुढच्या नळीत बसवावी आणि सांध्याला तेलात कालवलेला चुना भरावा, अशी कृतीही त्याने दिली आहे. नगरच्या पायात सापडणारी नळी याच घडणीची आहे. तेवढ्यावरून रोम ते नगर अशी सरळ रेघ ओढण्याची घाई नको. इराण आणि पश्चिम आशियात हेच तंत्र शतकानुशतके चालत होते, आणि नगरला ते तिकडून आले असे मानणे जास्त सयुक्तिक आहे.

अहमद निजामशहाने बहमनी सत्तेतून बाहेर पडून १४९० मध्ये स्वतंत्र राज्य उभे केले आणि चार वर्षांनी भिंगारजवळ, सीना नदीच्या काठी हे शहर वसवायला घेतले. जागा लष्करी दृष्टीने चांगली, मोकळी, दौलताबादच्या वाटेवर नजर ठेवणारी. पाण्याच्या दृष्टीने मात्र हलकी. सीना पावसाळ्यात नदी आणि उरलेल्या वर्षात वाळू. वर्षाचा पाऊस सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आत. खाली काळा पाषाण, त्यामुळे विहीर लागली तर लागली. जमेची बाजू एकच होती: शहराच्या उत्तरेला आणि पूर्वेला डोंगर आहेत आणि जमीन तिकडून शहराकडे उतरत येते. डोंगराच्या पायथ्याला मुरलेले पाणी विहिरीत धरायचे, विहिरी आतून एकमेकींना जोडायच्या आणि तिथून हलका उतार देत पाणी शहरात आणायचे, हा नगरच्या सगळ्या नळांचा गाभा. कापूरवाडी, शेंडी, वडगाव, भिंगार, नागापूर ही जी नावे या नळांशी जोडली जातात ती पाहा. नळाला राजाचे नाव नाही, जिथून पाणी निघाले त्या गावाचे आहे. हे मला फार महत्त्वाचे वाटते. पाणी कोणाचे होते आणि कुठे गेले, हे त्या नावांतच लिहिले आहे.

उतार हा यातला खरा जीव. उतार जास्त झाला तर पाण्याचा जोर वाढून खापर फुटणार. कमी झाला तर गाळ बसून नळ बुजणार. आजच्या दुर्बिणी नव्हत्या, पाण्याची पातळी पाहायची ती पाण्यानेच. वाटेत ओढा किंवा खोलगट जागा आली तर नळ खाली उतरवून पलीकडे पुन्हा चढवत, कारण बंद नळीतले पाणी आपली पातळी शोधत वर येते. पण अशा ठिकाणी नळीत हवा अडकते आणि अडकलेली हवा दगडासारखी पाणी अडवते. म्हणून ठरावीक अंतरावर दगडचुन्याचे मनोरे बांधत. पाणी मनोऱ्यात चढायचे, हवा मोकळी व्हायची, गाळ खाली बसायचा, जोर मोडायचा आणि पाणी दुसऱ्या बाजूने पुढे जायचे. पुण्याच्या कात्रज नळावर अशा बांधणीला उच्छ्वास म्हणतात. यंत्राच्या अंगाला इतका नेमका लागू पडणारा शब्द आपल्या आजच्या तांत्रिक परिभाषेत क्वचितच सापडेल.

हे सगळे कोणी केले? नगरात विचाराल तर सलाबतखानाचे नाव निघते. मूर्तजा निजामशहाच्या कारकिर्दीत (१५६५ ते १५८८) हा कर्तबगार वजीर होता. राजा एकांतवासात बागेत बसलेला, लोक त्याला दिवाणा म्हणत. राज्य सलाबतखान चालवी. शेवटी त्याच राजाने त्यालाही कैदेत टाकले. शहराच्या आग्नेयेला असलेली फराहबाग १५८३ मध्ये त्याच्या हाताखाली पुरी झाली. अर्थात एकट्या माणसाला श्रेय देणे चुकीचे होईल. शहर वसल्यापासून सलाबतखानापर्यंत जवळजवळ नव्वद वर्षे जातात, आणि तेवढा काळ शहर कोरडे राहिले असणे शक्य नाही. नळ एकेक करून वाढत गेले असणार. सलाबतखानाच्या नावाची गत मात्र पाहण्यासारखी आहे. डोंगरावर त्याची तीन मजली अष्टकोनी कबर आहे, गावातून कुठूनही दिसते, आणि सारा जिल्हा तिला चांदबिबीचा महाल म्हणतो. ज्याने पाणी आणले असे लोक मानतात, त्याच्या कबरीवरचे नावही लोकांनीच दुसऱ्याला देऊन टाकले!

फराहबागेपाशी थोडे थांबायला हवे, कारण पाण्याचा वाटा कोणाला किती, हा प्रश्न तिथे उभा राहतो. मोठ्या तलावाच्या मधोमध दुमजली महाल, चहूकडून पाणी. उत्तरेला हश्त-बिहिश्त बाग, म्हणजे आठ स्वर्गांची बाग. तिथेही पाण्यात उभी असलेली अष्टकोनी इमारत. जिथे उन्हाळ्यात हंडा भरायला विहिरीवर रांग लागत असणार, तिथे राजाने हवा गार राहावी म्हणून तलाव भरून ठेवले. निजामशाहीच्या वास्तूंवर पुष्कर सोहोनी यांचा इंग्रजी ग्रंथ २०१८ साली आला. तो वाचताना या राजधानीत पाण्याची कामे आणि दरबारी बागा किती एकमेकींत गुंतल्या होत्या ते ध्यानात येते. लोककल्याणकारी पाणीयोजना असे जे ठरावीक वाक्य शाळेपासून आपल्या कानावर पडते, ते म्हणूनच जपून वापरावे. बागेकडे जाणाऱ्या नळाला वाटेत फाटे फुटत, मशिदीच्या, हमामाच्या, सरदारांच्या हौदात पाणी पडे, आणि त्या हौदांवर गाव पाणी भरी. गावाला पाणी मिळाले हे खरे. पण ते पहिल्या धारेचे नव्हते.

हश्त-बिहिश्तचे लोकांच्या तोंडी भिस्तबाग झाले. सावेडीत आज भिस्तबाग चौक आहे, त्या नावाचा महालही आहे. चामड्याच्या पखालीतून पाणी वाहणारा भिस्ती हा शब्द त्याच फारसी ‘बिहिश्त’पासून, स्वर्गापासून, आलेला आहे. तहानलेल्याला पाणी देणारा तो स्वर्गातला, असा त्यामागचा भाव. एकाच शब्दातून राजाची बाग निघाली आणि पाठीवर पखाल वाहणारा माणूसही.

फराहबागेच्या इतिहासात आणखी एक नाव येते, चंगेजखानाचे. सलाबतखानाच्या आधीचा हा वजीर. बगदादेच्या बाजारातून दख्खनेत आलेला एक हबशी गुलाम त्याने विकत घेतला होता. तो पुढे मलिक अंबर म्हणून प्रसिद्ध झाला. म्हणजे अंबरची उमेदीची वर्षे जिथे पाण्याची कामे सतत चालू होती त्या नगरात, आणि त्या कामांशी थेट संबंध असलेल्या घरात गेली. १६१० मध्ये त्याने खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवायला घेतले; त्यानंतर काही वर्षांतच तिथे जमिनीखालून पाणी आणणारी नहर-ए-अंबरी तयार झाली. मराठवाड्यात या नहरीचे कौतुक होते ते रास्तच आहे. पण तिचे आजोळ नगर आहे, हे नगरकरांनीही फारसे सांगितलेले नाही. याच सुमारास, १६१५ मध्ये, मोगलांच्या बुऱ्हाणपुरात कुंडी भंडारा उभा राहिला. विहिरींच्या रांगा जमिनीखालून जोडायचे तेच इराणी तंत्र. आणि सव्वाशे वर्षांनी नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पुण्यात पाणी आणले. नगर, खडकी, बुऱ्हाणपूर, पुणे: या चौघांत वयाने वडील नगरच.

वेढ्यात या नळांचे काय होत असेल? १५९५-९६ च्या वेढ्यात शहाजादा मुरादच्या फौजेने किल्ल्याखाली सुरुंग लावले, चांदबिबीने रातोरात तट बांधून काढला, ही कथा सर्वांना पाठ आहे. त्यात नळ कुठे येत नाही, आणि येणारही नाही. बाहेरून येणारे पाणी शत्रू कोणत्याही क्षणी तोडू शकतो. म्हणून किल्ल्याच्या आत स्वतःच्या विहिरी होत्या. गंगा, जमना, मछलीबाई आणि शक्करबाई अशी त्यांची नावे. खापरी नळ ही शांततेच्या काळातली चीज आहे. १६०० मध्ये मोगलांनी किल्ला घेतला, राजधानी संपली, आणि बागांचे पाणी आटायला लागले असावे. कारण असा नळ बांधून सोडून देता येत नाही. दरवर्षी गाळ काढणारा, फुटका सांधा बसवणारा माणूस लागतो, आणि त्याला पगार देणारी गादी लागते.

तरीही नळ पुरते मेले नाहीत. १८५४ मध्ये नगरला नगरपालिका आली, आणि १८८४ मध्ये छापलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नगरवरचा सतरावा खंड उघडला तर शहराच्या पाण्याच्या वर्णनात कापूरवाडी, वडगाव ही नावे येतात. म्हणजे निजामशाही जाऊन अडीचशे वर्षे लोटली होती, मोगल, पेशवे, इंग्रज आले, आणि नगरकर अजून त्याच खापरांतून आलेले पाणी पीत होते. जुन्या चीजवस्तूंचे गोडवे गाण्याचा मोह इथे होतो, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. ज्या १८५४ साली नगरपालिका आली, त्याच साली लंडनमध्ये डॉक्टर जॉन स्नो यांनी कॉलऱ्याची साथ एका सार्वजनिक पंपाच्या पाण्याशी जोडून दाखवली. खापरी नळाची खरी भीती ही होती. खापर विष सोडत नाही, पण त्याचा सांधा चिरला आणि शेजारी शौचकूप असला तर बाहेरचे आत येते. नळ अर्धा रिकामा वाहत असेल तर अधिकच. दाट वस्तीच्या गावात इंग्रज इंजिनिअरांनी खापर सोडून बिडाचा नळ धरला याला निव्वळ गोऱ्या साहेबाचा तोरा म्हणता येणार नाही. जोराखाली पाणी नेणे खापराला झेपणारेही नव्हते. पुढे पिंपळगाव माळवीचा तलाव आणि गेल्या शतकाच्या उत्तरार्धात मुळा धरण आले. मुळानगर, विळद, वसंत टेकडी हा पाण्याचा आजचा रस्ता पंपांनी चढाचा झाला आहे. उतार शोधण्याची गरजच संपली.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. बिडाच्या नळाबरोबर नगरच्या पाण्यात पहिल्यांदा शिसे आले, पण ते नळाच्या अंगात नव्हते, सांध्यात होते. बिडाची एक नळी दुसरीच्या तोंडात घालायची, फटीत तागाचा दोर ठोकून बसवायचा आणि वरून वितळलेले शिसे ओतून छिन्नीने पक्के करायचे. जगभर हीच पद्धत होती. दोर मध्ये असल्याने शिशाचा पाण्याशी संबंध थोडाच येतो. घरात मात्र आपल्याकडे सर्वसाधारणपणे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी नळी आली, जिला आपण जी.आय. म्हणतो. परदेशातल्या जुन्या घरासारखी रस्त्यापासून मोरीपर्यंत अखंड शिशाची नळी नगरच्या वाड्यात सापडण्याचा संभव म्हणूनच कमी. पण निर्धास्त होऊ नये. जस्ताच्या मुलाम्यात थोडे शिसे असते, जुन्या पितळी तोट्यांत असते, डाक दिलेल्या सांध्यांत असते. आणि सर्वांत उशिरा ते प्लास्टिकच्या नळीतून आले. पी.व्ही.सी. उष्णतेने खराब होऊ नये म्हणून त्यात शिशाचे क्षार घालत. केंद्र सरकारने नियम करून ते बंद करायला घेतले ते २०२१ मध्ये. म्हणजे आजोबांनी बसवलेली लोखंडी नळी जुनाट म्हणून उपटून वडिलांनी ज्या वर्षी पांढरी नळी घातली, त्या वर्षी घरात शिसे कमी झाले की वाढले, हे सांगणे अवघड आहे.

पाण्याचा स्वभावही यात येतो. मृदू पाणी शिसे खाते. जड पाणी नळाच्या आत चुनखडीचा पापुद्रा धरते आणि तो पापुद्रा धातूला झाकतो. रोमच्या बंदरातल्या गाळाचा अभ्यास करून फ्रेंच संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले, की रोमच्या नळाच्या पाण्यात तिथल्या झऱ्यांच्या शंभरपट शिसे असावे, तरीही ते शहर बुडवण्याइतके नव्हते. तिथले जड पाणी आणि चोवीस तास वाहती धार हे त्याचे कारण असू शकते. काळ्या दगडातून आलेले नगरच्या विहिरीचे पाणीही जडच. बंबाच्या तळाशी बसणारा पांढरा थर प्रत्येक घराने पाहिला आहे. धार मात्र आपल्याकडे चोवीस तास नसते. पाणी नळीत आणि तोटीत रात्रभर मुक्काम करते. जुन्या घरात राहणाऱ्याने सकाळचे पहिले तांब्याभर पाणी तुळशीला घालावे, स्वयंपाकाला गिझरचे गरम पाणी घेऊ नये, आणि शंका असेल तर नमुना प्रयोगशाळेत द्यावा. आपल्या मानकानुसार लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम ही शिशाची मर्यादा आहे. उकळून किंवा तुरटी फिरवून शिसे जाण्याचा भरवसा नाही.

आणि पायात खापरी नळ लागला तर? तो घरमालकाला अडचणीचा वाटतो, इमारतीचा नकाशा मंजूर झालेला असतो, मजुरांची हजेरी चालू असते. सगळे थांबवा म्हणणे शहाणपणाचे नाही. पण अर्ध्या तासाचे काम करता येते. नळ किती खोल आहे, त्याचे रुंद तोंड कोणत्या दिशेला आहे, आतला व्यास किती बोटे आहे आणि आत चुनखडीचा थर किती जाड आहे, एवढे टिपून घ्यावे, फोटो काढावा, एक अखंड नळी जपून काढून शहरातल्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयाला कळवावे. नळीचे रुंद तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला असते, म्हणून एकाच नळीवरून पाणी कुठून कुठे जात होते ते कळते. दहा घरांच्या अशा दहा नोंदी एका कागदावर मांडल्या तर वडगावचा नळ कुठल्या आळीतून जात होता आणि त्याचा फाटा कोणाच्या हौदात पडत होता, याचा अंदाज बांधता येईल. आज शहर उभे आडवे खणले जात आहे: नव्या जलवाहिन्या, गटारे, केबली. खड्डे बुजले की पुन्हा उघडायला पन्नास वर्षे जातील.

जुने बिडाचे नळ निघतात तेव्हा कामगार सांधे तापवून त्यातले शिसे वेगळे करतात. त्याला भंगारात भाव आहे. बीडही विकले जाते. खापर मात्र भंगारवाला घेत नाही. ते राडारोड्याबरोबर ट्रॅक्टरमध्ये जाते आणि गावाबाहेर कुठल्यातरी प्लॉटची भर होते.